गुरुवारचं दार

"गुरुवार?" ओझेला मॅब्रीने पालेभाजीची पानं खुडता खुडता हात आवरला. "कुठल्या दीडशहाण्याने काढला हा वार?"

कॉर्लिस, तिची नात, आपल्या लेकीकडे बघत होती. दीड वर्षाची विनी खाली फरशीवर पातेल्याचं झाकण आपटत बसली होती. तिच्या श्वासात मघापासून बारीक शीळ येतेय की ती शीळ आपल्याच कानात बसलीय, याचा कॉर्लिस अंदाज घेत होती. शीळ नव्हती. निदान आत्ता तरी नव्हती.

"दर गुरुवारी म्युझियम संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असतं, ग्रॅनी. देणगीदार त्याच दिवशी येतात. म्हणून."

"म्हणजे देणगीदारांच्या सोयीने माझ्या बापाचं नाव लागणार."

"लागतंय ना पण? इतक्या वर्षांनी..."

"आधी 'हो, मॅम' म्हण. मग वाद घाल."

"हो, मॅम. पण लागतंय ना?"

आजीने देठ असा मोडला की जणू ती दुसऱ्या कुणाची तरी मान असावी.

लेम्युएल प्रेदर हा आजीचा बाप, म्हणजे कॉर्लिसचा पणजोबा. नदीकाठच्या त्या शहरातल्या म्युझियममध्ये तो झाडूवाला म्हणून लागला, आणि मेलेल्या पक्ष्यांची कातडी सोलून, आत तारा न् भुसा भरून, त्यांना पुन्हा उडायच्या बेतात उभं करणारा कारागीर म्हणून बाहेर पडला. त्या इमारतीत झाडू सोडून दुसरं हत्यार हातात धरणारा तो पहिला काळा माणूस. नदीच्या पक्ष्यांचं अख्खं दालन त्याच्या हातचं, पण काचेखालच्या चिठ्ठ्यांवर कायम दुसऱ्याच कुणाचं नाव. आता म्युझियमला जाग आली होती. दालनाला त्याचं नाव द्यायचं, दाराशी पितळी पाटी बसवायची आणि पाटीवरचा पडदा त्याच्या लेकीने ओढायचा, असं वरच्यांनी ठरवलं होतं. लेकीला तयार करायचं काम कॉर्लिसच्या गळ्यात आलं, कारण ती तिथेच मुलांच्या विभागात होती. कंत्राटावर.

कंत्राटावरच्यांना आजारपणाचा विमा नसतो. डॉर्सी, तिचा नवरा, नदीतल्या मालवाहू बोटींवर मिळेल तेव्हा काम करायचा, त्यालाही विमा नव्हता. गेल्या हिवाळ्यात विनीच्या छातीचा भाता चालेनासा झाला होता, आणि हॉस्पिटलात तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावलेली लेक कॉर्लिसने काचेपलीकडून पाहिली होती. तेव्हापासून ती झोपेतही एक कान उघडा ठेवायची. म्युझियमच्या उपसंचालक मेरेडिथ स्टॅनफिल यांनी तिला स्पष्टच सांगितलं होतं: "कार्यक्रम छान होऊ दे. घरची माणसं दिसू देत. मग तुला कायम करायचा विषय मी स्वतः लावून धरते."

हे सगळं कॉर्लिसने आजीला सांगितलं. एकदा नाही, फिरवून फिरवून सांगितलं.

"ऐकलं मी," आजी म्हणाली. "आता तू ऐक. आम्ही लहान होतो तेव्हा त्या दारातून आपल्या माणसांना फक्त गुरुवारी सोडायचे. बाकी सगळे दिवस गोऱ्यांचे, गुरुवार आपला. प्राणिसंग्रहालयाचं तेच, बागेचं तेच. शहाणी माणसं गुरुवारी जाऊन यायची आणि छान होतं म्हणायची."

"हे कधी बोलली नाहीस तू."

"बोलण्यासारखं काय होतं त्यात? मला दहावं लागलं त्या दिवशी मंगळवार होता. डॅडीने आदल्या रात्री मोठा पेलिकन पुरा केलेला. म्हणाला, चल, सगळ्या शहराच्या आधी तुला दाखवतो. मला इस्त्रीचा झगा. डॅडीच्या अंगावर कामाचा एप्रन, कारण तो त्या घरचाच माणूस, नाही का? वाढदिवस म्हणून पुढच्या दाराने निघालो. दारावरचा म्हणाला, लेम, आज गुरुवार आहे का रे?"

विनीने झाकण आपटलं.

"मग?"

"मग काय. 'नाही, सर,' म्हणाला माझा बाप, आणि माझा हात सोडून आत गेला. कामाची वेळ झाली होती त्याची. मी पायऱ्यांवर बसून राहिले, आई न्यायला येईपर्यंत." आजीने खुडलेली पानं पाण्यात दाबली. "नंतर सगळे वार उघडले. शुक्रवारी गेले, शनिवारी गेले, तुझ्या आईला घेऊन गेले. पेलिकन पाहिला. गुरुवारी त्या दारात पाऊल घातलं नाही, आणि घालणार नाही. त्यांना म्हणावं, दुसरा वार काढा. तुझ्या देणगीदारांना बाकीच्या दिवशी काय कावीळ होते का?"

*

मेरेडिथबाई इथल्या नव्हत्या, उत्तरेकडच्या. त्यांचं हसू असं, की त्या नाही म्हणायच्या आणि अपराधी मात्र समोरच्याला वाटायचं.

"शुक्रवार नाही जमणार गं, कॉर्लिस. आमंत्रणं गेलीत. आणि वाराचं एवढं काय? काही श्रद्धा वगैरे आहे का ओझेलाची? आम्ही मान राखतो हं सगळ्यांच्या श्रद्धेचा."

"मिसेस मॅब्री," कॉर्लिस म्हणाली.

"हो हो, मिसेस मॅब्री. आणि लेमचे जुने फोटो असले घरी तर..."

"मिस्टर प्रेदर."

"तेच ते." हसू तसंच. "मग? अडचण काय आहे नेमकी?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण कारण कळलं तर हिला लाज वाटेल, लाज वाटली तर शुक्रवार मिळेल, असा सरळ हिशोब कॉर्लिसने केला. तिने मंगळवार सांगितला, इस्त्रीचा झगा सांगितला, दारावरचा माणूस काय म्हणाला तेही सांगितलं. मेरेडिथबाईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. कॉर्लिसला पुढे तेच सलत राहिलं, की ते रडणं खोटं नव्हतं.

"याचं आपण काहीतरी केलंच पाहिजे," नाक पुसत त्या म्हणाल्या.

कॉर्लिस जिना उतरली ती हलकी होऊन. येताना तिने विनीसाठी द्राक्षं घेतली आणि घरी बसून एकेक द्राक्ष उभं चिरलं, घशात अडकू नये म्हणून.

*

मेरेडिथबाईंनी काय केलं ते रविवारी कळलं, चर्चच्या ओसरीत.

माउंट निबो चर्चच्या दारावर ज्या बायका उभ्या राहतात, येणाऱ्याला जागा दाखवतात, पंखा हातात देतात, कुणाला भरून आलं तर सावरतात, त्यांची म्होरकी ओझेला मॅब्री. पांढरा पोशाख, पांढरे बूट, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे. या बायका उपासना चालू असताना तोंडाने बोलत नाहीत, सगळं हाताने. पाळक बदलले, छप्पर बदललं, पण दारवाल्यांचा कायदा बदलला नाही.

उपासना सुटली होती. आजीची जुनी मैत्रीण लूवेनिया हातमोजे काढून फोन नाचवत आली.

"ओझेला, तू तर बाई फलकावर झळकलीस! हायवेवर! माझ्या नातवाने फोटो काढलाय."

"मेलेबिले की काय मी?"

"मेली असतीस तर एवढा मोठा नसता लावला."

फोटोत म्युझियमचा फलक होता. पेलिकनचं चित्र, खाली जाड अक्षरांत 'गुरुवार, आता आपला!' आणि त्याखाली: 'दहा वर्षांच्या ओझेलाला ज्या दारातून परत पाठवलं, त्याच दारातून ती या गुरुवारी आत येते आहे. तुम्हीही या.'

आजीने फोन लांब धरून वाचलं, मग जवळ धरून वाचलं. मग मान वर केली. कॉर्लिस खांबाशी विनीला कडेवर घेऊन उभी होती. तिने पळ काढायचा विचारही केला, पण बाळाची पिशवी आत बाकावर राहिली होती.

"तू विकलंस," आजी म्हणाली.

"मी तुझ्यासाठीच सांगायला गेले होते. मला वाटलं, कळलं तर वार बदलतील."

"बदलला की. होता नुसता गुरुवार, आता माझा केला. मला न विचारता माझ्या तोंडात घातला."

"ओझेला, हळू," चर्चच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यांकडे बघत लूवेनिया पुटपुटली. "डीकन बघतायत."

"बघू देत. त्यांचे कान गेलेत, डोळ्यांना तरी काम मिळेल." आजी कॉर्लिसपुढे येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या मुलीला मी हे सांगितलं नाही. तुला सांगितलं. तू ते त्या बाईच्या टेबलावर नेऊन ठेवलंस, नोकरीसाठी."

हे ऐकल्यावर मात्र कॉर्लिसचं डोकं फिरलं.

"हो, नोकरीसाठी! हिच्या छातीसाठी! तुझ्या बापानेही तेच केलं ना? गप्प बसला, 'नाही, सर' म्हणाला, तो कुणासाठी? तुमच्याच घरात चूल पेटावी म्हणून ना? तो बोलला असता तर आज पितळेची पाटी सोड, पेलिकनसुद्धा नसता. त्याने केलं ते पोटासाठी, आणि मी केलं ते विकणं?"

विनीने आईच्या गळ्यातली साखळी ओढली.

"पोटासाठीच केलं त्याने," आजी म्हणाली. "मला दहाव्या वर्षीही कळत होतं ते. सगळं कळत होतं, आणि तरी तो मरेपर्यंत मी त्याला माफ केलं नाही. त्याच्या उशाशी बसले, त्याला भरवलं, त्याचे पाय धुतले. माफ नाही केलं. कळलं म्हणून माफ होतं असं कुणी सांगितलं तुला? कॉलेजात शिकवलं?"

तिने एकेका बोटातून हातमोजा ओढून काढला आणि ती चालू लागली. त्या दिवशी तिच्या घरी जेवायला ये असं कुणी कॉर्लिसला म्हटलं नाही. आजवर असा एकही रविवार गेला नव्हता.

*

सोमवारी मेरेडिथबाईंनी विचारलं, "येतेय ना ओझेला?"

"मला नाही वाटत."

"बरं. मग पडदा तू ओढ. कडेवर बाळ असेल तर फारच छान. पाच पिढ्यांची गोष्ट होईल. आणि हे बघ, त्याच संध्याकाळी विश्वस्त मंडळी असणार आहेत. त्यांनी तुला पाहिलं, की शुक्रवारी तुझा कागद पुढे सरकवणं मला सोपं जाईल. कळतंय ना मी काय म्हणतेय?"

कळत होतं. कॉर्लिस हो म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी ती विनीला पिवळा झगा घालून, खोकल्याचं आणि श्वासाचं सगळं औषध पिशवीत भरून निघाली. उकाडा असा होता की डांबर बुटाला धरत होतं. गाडी लावून वळणावर आली तेव्हा तिला वाटलं, म्युझियमच्या पायऱ्यांवर कुणीतरी पांढरी फुलझाडं आणून ठेवलीत.

झाडं नव्हती. माउंट निबोच्या दारवाल्या होत्या. पायऱ्यांच्या दोन्ही कडांना, खालपासून वरपर्यंत, एकेक बाई सरळ उभी. पांढरा पोशाख, पांढरे बूट, डावा हात पाठीमागे. ना घोषणा, ना फलक. मधली वाट पूर्ण मोकळी. आणि सगळ्यात खालच्या पायरीच्याही अलीकडे, फुटपाथवर, ओझेला मॅब्री. पाऊल दारात नाही, पायरीवरसुद्धा नाही. उजवा हात खांद्याइतका वर, तळवा समोर.

माउंट निबोत वाढलेल्या माणसाला त्या तळव्याचा अर्थ विचारावा लागत नाही. प्रार्थना चालू आहे. जिथे आहेस तिथे थांब. पाळक असो, नवरी असो, शवपेटी खांद्यावर घेतलेली माणसं असोत, तो तळवा खाली येईपर्यंत कुणी पाऊल टाकत नाही. कॉर्लिस चालायला शिकली तेव्हापासून त्या तळव्याला थांबत आली होती.

देणगीदारांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते येत होते, गाडीतून उतरत होते, "किती सुंदर!" म्हणत होते. एकाने फोटो काढला. एक म्हातारी आजीच्या वर केलेल्या हाताला टाळी देऊ पाहत होती, पण तो हात हलला नाही, तेव्हा ती हसून पुढे गेली. पांढऱ्या बायकांच्या मधून ती सगळी माणसं रुबाबात वर चढली. त्यांना ते स्वागत वाटलं.

मग म्युझियमने बोलावलेला गायकवृंद आला, निबोच्याच शेजारच्या चर्चचा, निळ्या झग्यांत. पुढचा जाडा गडी पहिल्या पायरीशी पोचला, त्याने तळवा पाहिला आणि गाणं विसरल्यासारखा उभा राहिला. मागचे त्याच्यावर आदळले.

"काय झालं?"

"प्रार्थना चालू आहे."

"इथे?"

"हात दिसत नाही का तुला? माझ्या आईने बघितलं ना, मी हात ओलांडला म्हणून, तर घरात घेणार नाही मला."

निळे झगे फुटपाथवर साचले. आणखी माणसं आली. शाळेतल्या जुन्या बाई, न्हाव्याच्या दुकानातले दोघे, लेम्युएल प्रेदरला पाहिलेला एक थरथरता म्हातारा. सगळी थांबली. वर दारातून गोऱ्या माणसांच्या हसण्याचा, पेल्यांचा आवाज येत होता, आणि खाली रस्त्यावर उन्हात काळी माणसं मुकाट उभी होती. मधे एक हातमोजा. कॉर्लिस त्यांच्यात, सगळ्यांत पुढे. विनी तिच्या मानेत गरम श्वास सोडत होती, आणि ती तो मोजल्यासारखा ऐकत होती.

मेरेडिथबाई बाहेर आल्या. हसू घेऊनच आल्या.

"ओझेला! आलात! केवढं छान हे सगळं! चला ना आत, चला सगळे, गाणं सुरू करायचंय."

आजीने नजरसुद्धा वळवली नाही. उत्तर दिलं ते लूवेनियाने, कारण तिला गप्प बसणं जन्मात जमलं नव्हतं.

"प्रार्थना चाललीय, बाई. मधे हलता येत नाही."

"पण कुणी काही म्हणत नाहीये."

"मनात चाललीय. जरा लांबलीय. मंगळवारी सुरू झालेली."

"मग संपेल कधी?"

"शुक्रवारी."

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. मेरेडिथबाईंचं हसू त्या दिवशी पहिल्यांदा तोंडावरून उतरलं, आणि खाली जो चेहरा निघाला तो अगदी साधा, दमलेला, चिडका होता. त्यांनी गर्दीत शोधलं.

"कॉर्लिस. तू तरी ये. मंडळी खोळंबलीत."

कॉर्लिसने आजीकडे पाहिलं. तिला एक नजर हवी होती. जा म्हणणारी, नाहीतर गेलीस तर बघ म्हणणारी, कसलीही. आजी समोरच्या रस्त्याकडे बघत होती. बाहीवर काखेकडून घामाचा ओघळ उतरला होता, बस्स.

"कॉर्लिस," मेरेडिथबाई दोन पायऱ्या खाली आल्या, आवाजही खाली आला. "मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय. मला तोंडघशी पाडू नकोस. एक दोरी ओढायची आहे फक्त."

एक दोरी. मग कागद सरकेल, मग हिवाळा येईल आणि काचेपलीकडे उभं राहताना निदान हे तरी डोक्यात नसेल, की याचं कसं होणार. जावं. ग्रॅनीला काय, तिचं आयुष्य झालं, तिला राग परवडतो. कॉर्लिसने विनीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि पाय उचलायला गेली.

विनी तळव्याकडे बघत होती. टक लावून, तोंड उघडं ठेवून. कळण्याचं वय नव्हतं, पण बघण्याचं होतं.

"नाही, मेरेडिथ," कॉर्लिस म्हणाली. तिचा आवाज फाटला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "नाही. मी गुरुवारी येत नाही."

"ठीक आहे," मेरेडिथबाई म्हणाल्या. "लक्षात ठेवीन मी." आणि वर गेल्या.

थोड्या वेळाने आतून टाळ्या ऐकू आल्या. पडदा कुणीतरी ओढला होता. टाळ्या संपल्या, पेले पुन्हा किणकिणले, तेव्हा आजीने हात खाली घेतला. पायऱ्यांवरच्या बायका एकापाठोपाठ एक उतरल्या. रस्त्यावरची माणसं कुजबुजत, मग मोठ्याने बोलत पांगली. निळ्या झग्यांतल्या कुणीतरी जाता जाता सूर धरला आणि सोडून दिला.

आजी दंड चोळत चर्चच्या गाडीकडे निघाली. कॉर्लिसने तिला गाठलं.

"झालं तुझं समाधान? त्या बाईने काय म्हटलं ऐकलंस ना? आता हिला काही झालं तर कुणाच्या दारात उभी राहू मी? सांग ना. अडवलंस मला, आता सांग!"

आजी वळली.

"मी कुणाला अडवलं? हात सगळ्यांपुढे धरला होता. एवढे गेले की त्याच्यासमोरून. थांबलीस ती तू. ते माझ्या माथी मारू नकोस, पोरी. माझ्या माथ्यावर माझंच पुष्कळ आहे."

लूवेनियाने गाडीचं दार उघडून धरलं. आजी आत बसली, गुडघे सावरले, आणि काच खाली केली.

"उद्या मी येणार आहे. दार उघडल्याबरोबर, तिकीट काढून. डॅडीचं नाव नीट लिहिलंय का बघायचंय मला. तू कामावर असलीस तर आत भेट. नसलीस तर बाहेर थांब, दोन तिकिटं काढू. पोरीला टोपी घाल, ऊन असतं."

"आणि माझ्यावरचा राग?"

"तो आहे," आजी म्हणाली, आणि काच वर केली.

स्वतःच्या गाडीशी जाऊन कॉर्लिसने विनीला मागच्या खुर्चीत बसवलं, पट्टा ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला, आणि पुढचं दार जरा जास्तच जोरात लावून घेतलं.